पाण्यातल्या बांधाचा मालक

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. रांगायला लागली आणि तापानं गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आमच्या रानाच्या बांधावर बोरीचं झाड होतं, त्याच्या बुडाशी तिला ठेवली. बायका अशा वेळी जात नाहीत, त्यामुळं आईनं ती जागा डोळ्यांनी कधी पाहिलीच नाही. पुढं उजनी धरणाचं पाणी आलं, जुनं गाव बुडालं आणि आम्ही वर सरकलो. मी जन्मले ती नव्या गावात, डाळजच्या अलीकडं. घरात त्या मुलीचा विषय कुणी काढत नसे, आण्णा, म्हणजे माझे वडील, तर नाहीच नाही. आईला मात्र एवढंच हवं होतं की आपली थोरली कुठं आहे ते कुठंतरी सांगून ठेवलेलं असावं. पण सांगणार कुणाला आणि दाखवणार काय? त्या रानावरून आता मासे धरणाऱ्यांच्या होड्या जायच्या.

हे सगळं मी कॉम्प्युटरवरच्या खेळापायी सांगते म्हटल्यावर लोकांना हसू येतं. येऊ दे. मलाही तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीत स्टँडच्या मागं, पाइपा-मोटारींच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथंच शिकले आणि तिथंच शिकवायला लागले. चपला दाराबाहेर, खिडक्या बंद, आणि आत वायरनं एकमेकांना जोडलेली चार मशीनं. पोरं शिकायला म्हणून यायची आणि गोळ्या मारायचा खेळ खेळत बसायची. मी पहिल्यापासून तापट. एक दिवस डोकं फिरलं आणि चारी मशीनवरचा तो खेळ मी पुसून टाकला. पोरं अशी तोंडं पाडून बसली की मलाच वाईट वाटायला लागलं. म्हटलं, बरं बाबांनो, रडू नका, मी देते तुम्हाला खेळ करून.

चित्रं काढणं माझ्या बापजन्मी जमलं नसतं, म्हणून खेळ शब्दांचा केला. क्लास चालवणाऱ्या सरांनी पुण्याहून मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड आणलं होतं, ते कामी आलं. पडद्यावर यायचं, ‘तुम्ही वेशीत उभे आहात. समोर मारुतीचं देऊळ आहे.’ मग आपण टाइप करायचं, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. त्याप्रमाणं पुढची जागा यायची. वेस झाली, देऊळ झालं, पार झाला, आणि मला कंटाळा आला. एकटीनं अख्खं गाव लिहायचं म्हणजे जन्म गेला असता. म्हणून मी नियम केला की रस्ता जिथं संपतो तिथं पोचलेल्यानं पुढची जागा आपण लिहायची. ज्यानं लिहिली त्यालाच ती बदलता येईल, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. नाहीतर एक लिहिणार आणि दुसरा खोडणार, हे मी वर्गातल्या फळ्यावर रोजच बघत होते. कुणी लिहिलं ते कळावं म्हणून प्रत्येक जागेखाली प्रोग्रॅम एक ओळ दाखवायचा. इंग्रजी पुस्तकात ओनर असा शब्द होता. मी डोकं न चालवता मराठीत लिहिलं, ‘मालक’.

आमच्या क्लासची एक शाखा इंदापूरला होती. तिथल्या पोरांनाही खेळ हवा होता, पण दोन्हीकडचं गाव एकच राहणार कसं? फोनवरून मशीन जोडायचं आम्ही करून पाहिलं. लाइन अशी खरखरायची की अर्धा पार यायचा आणि अर्धा वाटेतच राहायचा. शेवटी फ्लॉपीवर आलो. मी इंदापूरला शिकवायला जायची तेव्हा बारामतीतलं नवं लिखाण फ्लॉपीवर घालून न्यायची आणि तिथलं घेऊन यायची. निमगाव केतकीला बसमध्ये विड्याच्या पानांच्या डाली चढायच्या, ओली फडकी टाकलेल्या. त्यांच्यापासून फ्लॉपी वाचवायला मी ती जेवणाच्या डब्यात ठेवायची, भाकरी रुमालात आणि फ्लॉपी डब्यात. दोन्हीकडचं जुळवून एक गाव करणारा प्रोग्रॅम मी लिहिला आणि त्याला नाव दिलं सांधा. एकाच जागेवर दोघांनी लिहिलं असेल तर सांधा ज्याचं आधीचं त्याचं ठेवायचा आणि दुसऱ्याला परत पाठवायचा. मला तो फार हुशार वाटायचा.

मग एक गंमत झाली. क्लासमध्ये आमच्या जुन्या गावची बरीच पोरं होती. काहींची घरं भिगवणकडं गेली होती, काहींची इंदापूरकडं. त्यांनी घरी विचारून विचारून खेळात जुनं गाव घालायला सुरुवात केली. मग घरचेच यायला लागले. बाजारच्या दिवशी डोक्यावरचं ओझं खाली दुकानात ठेवून माणसं जिना चढून वर यायची आणि म्हणायची, “त्ये आमचं गाव कुठल्या मशीनवर हाय?” कुणी पांढरीतला, म्हणजे जुन्या वस्तीतला आड सांगायचं, कुणी लोहाराचा भाता. माणसं सांगायची, मी टाइप करायची, आणि सर डोक्याला हात लावून बसायचे.

गाव केवढं झालं बघावं म्हणून मी एकदा नकाशा छापला, तर वरली आळी खालल्या आळीच्या डोक्यावर. पुण्यातल्या फ्लॅटसारखी मजल्यावर मजला घरं चढलेली, आणि तळघरात भीमा नदी. मला आधी काही कळेना. मग ट्यूब पेटली. मी ‘वर’ म्हणजे जिना चढून वर असं प्रोग्रॅमला शिकवलं होतं. आमच्याकडं वर म्हणजे माळाकडं आणि खाली म्हणजे नदीकडं. म्हटलं, सोपं आहे, वरला पश्चिम करू. तेही जमेना, कारण नदीच वळत होती. गावात खाली म्हणजे एकीकडं आणि रानात गेलं की खाली म्हणजे भलतीकडंच. एका आजोबांना मी हे समजावून सांगायला गेले, तर ते म्हणाले, “पोरी, आमी बराबर पोचतोय न्हवं? मग तू कशापायी जीव खातीस?” मी नकाशा फाडून टाकला आणि गाव तसंच राहू दिलं.

‘मालक’ या शब्दानं मात्र घोळ घातला. ज्यानं देऊळ लिहिलं होतं तो गडी बाजारात सांगत सुटला की देवळाचा मालक मी. दुसऱ्यानं माझ्याकडं तक्रार आणली की ओढा सरकारी असताना त्याच्याखाली फलाण्याचं नाव कसं. जमिनीची माणसं ही. नावासमोर मालक लिहिलेलं दिसलं की त्यांची मान आपोआप ताठ होते. मला ते सगळं मजेचं वाटत होतं, आई येईपर्यंत.

आई आली ती तशीच, बाजार करून. पिशवीत वांगी, पदर डोक्यावर. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, “आपल्या रानात ने.” मी नेलं. वेशीतनं खाली, ओढ्यावरनं पलीकडं, मग आमचं रान. ते मीच लिहिलं होतं, ऐकीव माहितीवर. आई पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आता बांधाव चल. तितं बोर हाय. बोरीच्या बुडाशी माझी थोरली हाय, असं लिही.” मग तिनं थोरलीचं नाव सांगितलं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझी बहीण होती, तिला नाव होतं, आणि मी ते खुर्चीवर बसून टाइप करत होते.

पडद्यावर आधी काय आलंय ते न वाचताच मी सगळं लिहून बटण दाबलं. प्रोग्रॅमनं मीच शिकवलेली ओळ दाखवली, ‘या जागेचा मालक दुसरा आहे.’

बांध आधीच कुणीतरी लिहिला होता. इंदापूरच्या फ्लॉपीवरून आला होता तो. लिहिलं होतं, ‘दोन रानांमधला बांध. सरळ नाही. बोरीपाशी वळतो.’ आणि खाली मालक म्हणून नाव होतं तात्यांचं. तात्या म्हणजे जुन्या गावातले आमचे बांधकरी, पलीकडच्या रानाचे. गाव उठल्यावर ते इंदापूरला गेले. त्यांची सून तिथल्या क्लासला यायची. तात्या सांगत गेले आणि तिनं टाइप केलं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती पिशवी उचलून उभी राहिली. “ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणाली. ते ‘ऱ्हाऊ दे’ मला अजून टोचतं.

आता तात्यांचं नाव आमच्या घरात का निघत नव्हतं ते सांगायला हवं. धरणासाठी रानाची मोजणी झाली तेव्हा त्याच बांधावरून आण्णांचं आणि त्यांचं फाटलं होतं. बांध सगळीकडं बारीक होता आणि बोरीपाशी तात्यांच्या रानाच्या अंगाला चांगला रुंद. आण्णांचं म्हणणं, मूळचा बांध एवढा रुंदच होता, तात्यानं नांगर घालून घालून तो कोरून खाल्ला आणि बोरीच्या मुळ्यांपायी तेवढाच तुकडा सुटला. चारचौघांत त्यांनी तात्यांना बांधखाऊ म्हटलं होतं. तात्यांनी उलट शब्द काढला नाही, म्हणजे चोरी कबूल केली, असं आण्णा सांगायचे. त्यानंतर बोलणं बंद. बांध पाण्यात गेला, बोर पाण्यात गेली, पण भांडण कोरडंच्या कोरडं वर आलं होतं.

घरी गेले तेव्हा मी आण्णांना सांगितलं की बांध तात्यांच्या नावावर लागलाय. त्यांना खेळ म्हणजे काय हे नीट माहीतसुद्धा नव्हतं. पण मालक हा शब्द त्यांनी बरोबर ऐकला. जेवता जेवता हात थांबला. “पाण्यात बी खाल्ला का त्यानं बांध,” असं म्हणून ताटावरून उठले. मी म्हटलं, मी सामाईक करते, दोघांचं नाव लावते. तर म्हणाले, “सामाईक म्हंजी निम्मा त्याचा, असंच न्हवं? काय न्हाय लावायचं.” मीही काही कमी नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं पाण्यात बुडी मारून मोजणी करून या, मग लावते. आई आत चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, “माझ्या लेकीला हितं बी जागा न्हाय म्हना की.”

चूक शब्दाची होती, हे मला परतीच्या एसटीत उमगलं. त्या गावात आता कुणाच्या मालकीचं काही नव्हतंच, सगळं गाव पाण्याखाली. उरलं होतं ते फक्त सांगणं, आणि सांगणारा काय एकच असतो? मी क्लासमध्ये येऊन प्रोग्रॅम उघडला आणि जिथं जिथं ‘मालक’ होतं तिथं ‘सांगणार’ असं केलं. सांध्याचाही नियम बदलला. एका जागेवर दोघांनी लिहिलं तर कुणाला परत पाठवायचं नाही, दोघांचं एकाखाली एक दाखवायचं, ज्याच्या त्याच्या नावासकट. मात्र पहिल्या सांगणाऱ्यानं दुसऱ्याला ये म्हटलं पाहिजे, एवढं ठेवलं. नाहीतर कुणीही उठून कुणाच्याही चुलीपुढं काहीबाही लिहून गेलं असतं. पुढं अनेक वर्षांनी कळलं, की जगभर माणसं याच गोष्टीशी झटत होती, लोकांनी लिहिलेलं सांभाळायचं कसं आणि कुणाचं खरं धरायचं. मी तेव्हा एवढा विचार केला नव्हता. मला फक्त बोरीखाली एक ओळ बसवायची होती, आणि त्यासाठी तात्यांनी ‘ये’ म्हणायला हवं होतं.

मी एकटीच जाणार होते. आई म्हणाली, “मी येते. मागायचं मला हाय.” आण्णांना तिनं विचारलं नाही, सांगितलं. ते ओट्यावर पाठ फिरवून बसले होते, तसेच बसून राहिले.

इंदापूरच्या क्लासमध्ये तात्या आधीच येऊन बसले होते. सुनेनं निरोप दिला होता. माणूस थकला होता, टोपी मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत होता. आई आत आली तसे ते उठून उभे राहिले. आईनं पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाली, “भावजी, तुमच्या बांधाव माझं एक लिहायचं हाय. तुमी व्हय म्हनला तर.”

मला वाटलं, आता जुनं सगळं निघणार, आणि मी मनातल्या मनात भांडायची तयारीसुद्धा केली. मग तात्या म्हणाले, “वयनी, ईच्यारायचं काय त्यात? खड्डा मीच तर काढला व्हता.”

आईनं मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

“तुमच्या मालकाच्या हातात खोरं ठरंना,” तात्या म्हणाले. इथं मालक म्हणजे आण्णा. “पोरीला मांडीव घिऊन बसला व्हता बांधाव. मग मीच काढला. बांध बारीक, बोरीच्या मुळ्या आडव्या. म्हनून जरा आमच्या अंगाला सरकून काढला, आमच्या रानात.” त्यांनी टोपी या हातातून त्या हातात केली. “मग तिच्याव नांगर कसा घालायचा? तितं आलं की मी बैलं वळवून घ्यायचो. गवत वाढत गेलं, बांधासारकं दिसाय लागलं. तुमचा गडी त्या टोकाकडं पुन्हा कदी फिरकलाच न्हाय. त्याला कसं कळावं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो तात्या, मग मोजणीच्या वेळी बोलला का नाही?”

“काय बोलू बाय?” ते म्हणाले. “समदं गाव जमलेलं. ह्या वयनी बाजूला उभ्या. चारचौघांत त्या लेकराचं काढायचं व्हय, येवड्याशा जिमिनीसाटनं?”

आई खाली फरशीवर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. सुनेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी काय करणार, मशीन चालू केलं. आईनं डोळे पुसून आधी सांगितली होती तीच ओळ सांगितली, मी लिहिली, आणि या वेळी प्रोग्रॅमनं ती घेतली. मग तात्या म्हणाले, “ह्या वळीच्या खाली माजी आनि येक वळ घाल.” त्यांनी सांगितली, सुनेनं टाइप केली. मी डब्यातून फ्लॉपी काढली.

आण्णांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. आईनंही नाही. ती फक्त म्हणाली, “येकदा जाऊन वाचा. तुमी म्हनता तसा बांध हाय का बघा.” पुढच्या बाजाराला ते आले. जिना चढताना दोनदा थांबले. मी त्यांना खुर्ची दिली, चष्मा पुसून दिला आणि वेशीत उभं केलं. म्हटलं, कुठं जायचं ते तुम्ही सांगा. ते म्हणाले, खाली. मग ओढा. मग पलीकडं. रानात आल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मागं एक पोरगी फॉर्म भरायला येऊन उभी होती, तिला मी हातानंच थांबवलं. शेवटी म्हणाले, “बांधाव.”

पडद्यावर बांध आला. आण्णांना वाचायला येत होतं, पण बोट ठेवून, एकेक शब्द. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. दोन रानांमधला बांध. सरळ नाही. बोरीपाशी वळतो. खाली आईची ओळ होती, थोरलीच्या नावासकट. ते नाव त्यांनी मनात वाचलं, नुसते ओठ हलले. त्याच्या खाली तात्यांची नवी ओळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

‘हितं लेकरू झोपलंय. आमी नांगर वळवून घेत व्हतो. तुमी बी वळवून घ्या. सांगणार, बांधकरी.’

त्यांनी ती पुन्हा वाचली. मग बोट काचेवरून काढलंच नाही. मी बाजूला उभी होते. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “इंदापूरची गाडी किती वाजता हाय?”